खवल्यांची त्वचा आणि ‘अ’ जीवनसत्त्व

थंडी पडली की नडग्या फुटणं आपल्याकडे कुणाला नवीन नाही. खोबरेल चोळलं की चार दिवसांत पाय पुन्हा मऊ होतात. पण काही घरांत ही फूट थंडीपुरती राहत नाही. मूल काही महिन्यांचं झालं की पोटऱ्यांवर, दंडांवर, पाठीवर बारीक पापुद्रे दिसू लागतात. तळहातांवरच्या रेषा वयाच्या मानाने फार खोल वाटतात. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘आमच्याकडे सगळ्यांचीच कातडी अशी.’ ते बरोबरच असतं. इक्थिओसिस व्हल्गॅरिस नावाचा हा आनुवंशिक विकार युरोपातल्या लोकांत सुमारे अडीचशे जणांमागे एकाला असतो, आणि कित्येकांचं आयुष्य त्याचं नाव न कळता निघून जातं.

अशा खवल्यांच्या विकारांच्या दुसऱ्या टोकाला एखादं बाळ जन्मतःच ताणलेल्या, चकचकीत आवरणात गुंडाळलेलं येतं. पापण्या बाहेर उलटलेल्या असतात, ओठ ओढलेले असतात. डॉक्टर त्याला कोलोडियन बेबी म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत ते आवरण तडकून सुटतं. काही बाळांची त्वचा त्याखाली जवळपास नेहमीसारखी निघते, पण बऱ्याच जणांच्या अंगावर पुढे जन्मभर जाड, काळपट, घट्ट चिकटलेले खवले येत राहतात. हा लॅमेलर इक्थिओसिस. घाम बाहेर पडायच्या वाटा बुजल्यामुळे अशा मुलांना ऊन सोसत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात असं मूल अर्धा तास मैदानावर खेळलं तरी ताप चढल्यासारखं तापतं. चरकसंहितेत एककुष्ठाची लक्षणं सांगताना घाम न येणं आणि माशाच्या खवल्यांसारखी त्वचा या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. आजचे वैद्य एककुष्ठाचा संबंध बहुधा सोरायसिसशी लावतात. पण खवले आणि न येणारा घाम ही जोडी लॅमेलर इक्थिओसिस असलेल्या मुलाच्या आईला दर उन्हाळ्यात दिसते.

अशा मुलाला घेऊन आई-बाप दारोदार फिरतात, तेव्हा हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अंगात व्हिटॅमिन कमी असेल, ए-च्या गोळ्या द्या.’ हा सल्ला निव्वळ भाबडा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच्यामागे ऐंशी-नव्वद वर्षांचं खरंखुरं संशोधन आहे. या विकारांवरचं आजचं सर्वांत प्रभावी औषध ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच कुळातलं आहे. आणि तरीही तो सल्ला चुकीचा आहे, कधी कधी धोकादायकही. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते समजून घेतलं तर अनेक मुलांचं नुकसान टळेल असं मला मनापासून वाटतं.

आधी त्वचेचं काम पाहू. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी जन्मतात आणि साधारण चार आठवड्यांत वर सरकत पृष्ठभागावर येऊन गळून पडतात. या वाटेवर पेशी स्वतःमध्ये केराटिनचे धागे भरते, भोवती एक कडक कवच बांधते, केंद्रक गमावते आणि मरते. मेलेल्या पेशींचा हा सर्वांत वरचा थर म्हणजे शृंगस्तर. अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी त्याची तुलना विटांच्या भिंतीशी केली होती: पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे गारा. भिंत पक्की असेल तर आतलं पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरचे जंतू आत येत नाहीत.

ही भिंत बांधायला कितीतरी जनुकं लागतात, आणि त्यांतलं कोणतंही बिघडलं तरी वरून दिसतात ते खवलेच. इक्थिओसिस व्हल्गॅरिसमध्ये फिलाग्रिन हे प्रथिन कमी पडतं. शृंगस्तरात ओल धरून ठेवणारे घटक त्याच्याच तुकड्यांपासून तयार होतात. त्याचं जनुक स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने २००६ मध्ये दोषी ठरवलं. लॅमेलर इक्थिओसिसच्या अनेक रुग्णांत ट्रान्सग्लुटामिनेज-१ हे विकर बिघडलेलं असतं. पेशीचं कवच सांधण्याचं काम त्याचं, आणि हा शोध १९९५चा. फक्त मुलग्यांना होणाऱ्या एका प्रकारात स्टेरॉइड सल्फटेज हे विकर नसतं. ते वारेतही नसल्यामुळे अशा बाळाच्या आईचं बाळंतपण कधी कधी लांबतं, सुरू व्हायलाच उशीर होतो. केराटिन १ किंवा १० यांच्यात दोष असेल तर जन्मतः अंगावर फोड येतात आणि पुढे सांध्यांवर जाड थर साचतात. त्याला एपिडर्मोलिटिक इक्थिओसिस म्हणतात.

भिंत गळकी झाली की शरीर घाईघाईने तिच्यावर थर चढवत जातं. म्हणजे खवले हा काही अंशी शरीराने स्वतः केलेला बंदोबस्त असतो. हे लक्षात ठेवायला हवं, कारण खवला नुसता खरवडून काढला म्हणजे आजार गेला, असा समज फार पसरलेला आहे.

यांतल्या काही विकारांत सदोष जनुक आई-वडिलांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं, तर लॅमेलरसारख्या प्रकारांत ते दोघांकडून यावं लागतं. दक्षिण महाराष्ट्रात, मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक समाजांत आहे. एकाच घराण्यात लपून असलेलं जनुक अशा लग्नांत समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. याचा अर्थ आईचं काही चुकलं किंवा ग्रहणात भाजी चिरली असा कधीच होत नाही. हे विकार स्पर्शाने पसरत नाहीत. तरी वर्गात अशा मुलाला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं जातं, आणि ते पाहून संताप येतो.

आता जीवनसत्त्वाकडे. १९१३ मध्ये अमेरिकेत मॅकोलम आणि डेव्हिस यांनी लोण्यात आणि अंड्याच्या बलकात असलेला, वाढीला लागणारा एक स्निग्धविद्राव्य घटक ओळखला. पुढे तोच ‘अ’ जीवनसत्त्व झाला. १९२५ मध्ये वोल्बाक आणि हाऊ यांनी हे जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांची शरीरं तपासली. श्वासनलिका, लाळग्रंथी, मूत्रमार्ग यांची आतली ओली अस्तरं त्यांना कोरडी, कातडीसारखी झालेली दिसली. ‘अ’ जीवनसत्त्व नसेल तर पेशी केराटिनकडे झुकतात, हे तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. मग माणसांवरची निरीक्षणं आली. १९३१ मध्ये पेकिंगमधल्या डॉक्टरांनी आणि १९३३ मध्ये श्रीलंकेतल्या ल्युशियस निकोल्स यांनी कुपोषित माणसांच्या कोपरांवर, मांड्यांवर, गुडघ्यांवर येणाऱ्या टोकदार, खरखरीत पुटकुळ्यांचं वर्णन केलं. निकोल्स यांनी या विकाराला फ्रिनोडर्मा म्हणजे बेडकाची कातडी असं नाव दिलं. आपल्याकडे सरकारी शाळांतल्या मुलांच्या तपासणीत तो अजूनही दिसतो. मात्र फ्रिनोडर्माचं खापर एकट्या ‘अ’ जीवनसत्त्वावर फोडता येत नाही. भारतातल्या पोषण संशोधकांना पुढे असं दिसलं की आहारातलं आवश्यक मेदाम्ल आणि ब-गटातली जीवनसत्त्वं मिळाली तरी या पुटकुळ्या ओसरतात.

एवढं हाती आल्यावर १९४०च्या दशकातल्या डॉक्टरांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि ते स्वाभाविकच होतं. कमतरतेने कातडी खरखरीत होते, तर जन्मजात खरखरीत कातडीतही कमतरताच असणार. १९४१ मध्ये न्यूयॉर्कचे सॅम्युएल पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डारिए रोग हा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग आहे असं शीर्षकातच लिहून टाकलं. डारिए रोगात छातीवर, मानेवर, कपाळाच्या कडेला तेलकट, खरबरीत खपल्यांचे पुंजके येतात. पुढच्याच वर्षी इक्थिओसिसवर ‘अ’ जीवनसत्त्व दिल्याचे अहवाल आले. मात्रा भलत्या होत्या. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे तीन हजार युनिटची, आणि हे उपचार दिवसाला लाखाच्या घरात. काहींना फरक पडला, हे खरंच. पण त्याबरोबर डोकेदुखी, केस गळणं, हाडं दुखणं, यकृत सुजणंही आलं. कवटीतला दाब इतका वाढायचा की मेंदूत गाठ आहे की काय अशी शंका यावी.

निदानाचं तर्कशास्त्र मुळातच चुकलं होतं. डारिए रोगामागचं जनुक १९९९ मध्ये सापडलं, तेव्हा ते पेशीच्या आत कॅल्शियम भरून ठेवणाऱ्या पंपाचं निघालं. त्याचा आहारातल्या कोणत्याही कमतरतेशी काही संबंध नव्हता. रुग्णांना जो फरक पडला तो उणीव भरल्यामुळे नव्हे. गरजेच्या कितीतरी पट मात्रेत हे जीवनसत्त्व औषधासारखं वागत होतं म्हणून. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

ते औषधासारखं का वागतं, हे कळायला १९८७ उजाडलं. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गचे पिएर शाम्बाँ आणि कॅलिफोर्नियातले रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी एकाच वर्षी पेशीच्या केंद्रकातला रेटिनॉइक आम्लाचा ग्राही शोधून काढला. आपण गाजर, पपई, शेवग्याचा पाला किंवा अंडी खातो, त्यांतून मिळालेल्या रेटिनॉलचं पेशीत रेटिनॉइक आम्ल होतं. ते या ग्राहीला चिकटतं, ग्राही डीएनएवर ठरावीक जागी बसतो आणि शेकडो जनुकं सुरू किंवा बंद होतात. म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व एका बाजूने अन्न आहे आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ संप्रेरक. त्वचेत त्याचा आदेश असा असतो: केराटिनचा थर पातळ ठेवा, पेशींना एकमेकींपासून सुटू द्या. बिघडलेलं जनुक मात्र त्याने दुरुस्त होत नाही. भिंतीवर अवास्तव चढलेला थर कमी होतो, इतकंच. म्हणूनच औषध थांबवलं की काही आठवड्यांत खवले परत येतात.

ग्राही सापडण्याच्या कितीतरी आधी रसायनशास्त्रज्ञांनी वाट काढायला सुरुवात केली होती. जीवनसत्त्वाचा त्वचेवरचा गुण ठेवायचा आणि विषारीपणा कमी करायचा, असा विचार होता. १९४६ मध्ये हॉलंडमध्ये रेटिनॉइक आम्ल प्रयोगशाळेत बनलं. १९६२ मध्ये जर्मन त्वचारोगतज्ज्ञ ग्युंटर स्टुटगेन यांनी ते मलमातून केराटिनच्या विकारांवर लावून पाहिलं. त्वचा लाल व्हायची, आग व्हायची, पण खवले मऊ पडायचे. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात रोश कंपनीतले वर्नर बोलाग या रेणूत निरनिराळे बदल करून पाहत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून रेटिनॉइड या औषधकुळातली पोटात घ्यायची औषधं बाहेर आली.

त्यांतल्या आयसोट्रेटिनॉइनची कथा फारच थोड्यांना माहीत आहे. आज हे औषध मुरुमांवरचं म्हणून ओळखलं जातं. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गॅरी पेक आणि फ्रँक योडर यांनी ते आधी लॅमेलर इक्थिओसिस आणि केराटिनच्या इतर विकारांच्या रुग्णांना दिलं, आणि १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. वर्षानुवर्षं अंगावर बसलेले खवले सुटले होते. या प्रयोगांच्या ओघात मुरुमंही ओसरतात हे दिसलं. १९७९ मध्ये गॅरी पेक यांनी अतिशय तीव्र मुरुमांच्या १४ रुग्णांवर ते वापरलं आणि १३ जणांचे चेहरे पूर्ण स्वच्छ झाले. १९८२ मध्ये औषधाला मान्यता मिळाली ती मुरुमांसाठी. जगभरातल्या लाखो तरुणांना उपयोगी पडलेल्या या गोळीची पहिली परीक्षा एका दुर्मीळ आजाराच्या मूठभर रुग्णांनी दिली होती. त्यांचं ऋण कुणी मोजत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

दीर्घकाळ औषध घेण्याची किंमतही त्यांनीच आधी मोजली. मुरुमांचा रुग्ण चार-सहा महिने गोळी घेतो, इक्थिओसिसच्या रुग्णाला वर्षानुवर्षं घ्यावी लागते. १९८३ मध्ये पिट्सली आणि त्याच योडर यांनी अशा रुग्णांच्या मणक्यांवर हाडाची जादा वाढ होत असल्याचं दाखवून दिलं. ज्या संशोधकाने औषधाचा गुण जगापुढे मांडला त्यानेच त्याचा दोषही छापावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

रोशचं दुसरं औषध एट्रेटिनेट. ते शरीरातल्या चरबीत जाऊन बसायचं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे १२० दिवस लागत, आणि बंद केल्यावर काही वर्षांनंतरही अंश सापडत. त्याच्या जागी असिट्रेटिन आलं, जे दोन दिवसांच्या आसपास निम्म्यावर येतं. लॅमेलर इक्थिओसिस, डारिए रोग आणि तळहात-तळपायांची आनुवंशिक जाड कातडी यांवर आज प्रामुख्याने हेच दिलं जातं. मात्रा बहुधा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि क्वचितच एकच्या वर जाते. जेवणाबरोबर घेतलं तर ते नीट शोषलं जातं. तीन-चार आठवड्यांत खवले सैल होऊ लागतात. उलटलेल्या पापण्या थोड्या सावरतात, कानातली दाटलेली खपली सुटून ऐकू येणं सुधारतं, आणि काही मुलांना आयुष्यात पहिल्यांदा घाम येतो. घरच्यांना त्या घामाचं अप्रूप असतं.

किंमतही ठरलेली. ओठ जवळजवळ प्रत्येकाचेच फुटतात. नाक कोरडं पडून रक्त येतं, केस विरळ होतात, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स वाढतात, यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात. त्यामुळे सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. वाढत्या मुलांत हाडांवर लक्ष ठेवावं लागतं. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं बरोबर घेतली तर कवटीतला दाब वाढू शकतो, म्हणून तीही नकोत. आणि या काळात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळ्या घेणं म्हणजे त्याच विषात भर घालणं.

शिवाय हे औषध सगळ्या खवलेदार त्वचांना चालत नाही. इक्थिओसिस व्हल्गॅरिसला त्याची गरज बहुधा पडतच नाही. एपिडर्मोलिटिक प्रकारात त्वचा आधीच ठिसूळ असते, तिथे मात्रा फार कमी ठेवावी लागते, नाहीतर फोड आणि जखमा वाढतात. त्यातही केराटिन १०चा दोष असलेले रुग्ण या औषधाला केराटिन १च्या रुग्णांपेक्षा चांगला प्रतिसाद देतात, त्यामुळे जनुकीय तपासणीचा इथे थेट उपयोग होतो. नेदरटन सिंड्रोम या आणखी एका प्रकारात भिंत इतकी पातळ आणि गळकी असते की रेटिनॉइडने ती आणखी उघडी पडू शकते.

सर्वांत भीषण प्रकार हार्लेक्विन इक्थिओसिस. एबीसीए१२ नावाचं जनुक बिघडल्यामुळे पेशींमधला स्निग्ध गारा तयारच होत नाही. बाळ जाड, भेगाळलेल्या पत्र्यांच्या आवरणात जन्मतं. २०१६च्या जूनमध्ये नागपुरातल्या एका रुग्णालयात असं बाळ जन्मलं आणि दोन दिवसांत गेलं. काही बातम्यांत त्याला परग्रहावरचं म्हटलं गेलं. एका कुटुंबाच्या दुःखाचा असा तमाशा करणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती. खरं सांगण्यासारखं वेगळंच होतं. २०११ मध्ये जगभरातल्या अशा ४५ बाळांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यांतली २५ वाचली होती. पोटातून रेटिनॉइड मिळालेल्यांपैकी ८३ टक्के जगली, न मिळालेल्यांपैकी ७६ टक्के दगावली. या आकड्यांकडे थोडं जपून पाहायला हवं, कारण पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या बाळाला औषध देण्याची वेळच येत नाही. नवजात अतिदक्षता विभागातली ओल, ऊब आणि जंतुसंसर्गापासून जपणूक यांचा वाटाही मोठा आहे. पण ही बाळं जगू शकतात, शाळेत जाऊ शकतात, मोठी होऊ शकतात, एवढं त्या आढाव्याने नक्की दाखवलं.

‘ड’ जीवनसत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आपल्या देशात जास्त जाणवतो. जाड खवल्यांतून ऊन आत पोचत नाही, त्यात सावळी त्वचा, आणि उन्हाचा त्रास म्हणून मूल घरातच. त्यामुळे या मुलांत मुडदूस दिसतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये इक्थिओसिस असलेल्या सात मुलांना रोज ६०,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व दहा दिवस दिलं. हाडं सुधारणारच होती, पण त्वचेचा ताठरपणाही काही दिवसांतच उतरू लागला. सात मुलं म्हणजे फार लहान संख्या. तरी ‘ड’ जीवनसत्त्वाचे ग्राही त्वचेच्या पेशींत असतात आणि पेशींच्या पक्वतेवर त्यांचा ताबा असतो, त्यामुळे या निरीक्षणाला आधार आहे. फक्त ते औषध देखरेखीखाली दिलं होतं. आपल्याकडे आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची पुडी दुकानात सहज मिळते, आणि ती कुणी मनाने रोज सुरू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात. माझं मत इतकंच की प्रत्येक इक्थिओसिसग्रस्त मुलाची ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी एकदा तपासली जावी. ते स्वस्तात होणारं आणि हमखास उपयोगाचं काम आहे.

आनुवंशिक विकारावर नुसतं जीवनसत्त्व कधीच पुरत नाही, असंही नाही. बायोटिनिडेज नावाचं विकर जन्मतः नसेल तर शरीराला बायोटिन हे ब-गटातलं जीवनसत्त्व पुन्हा वापरता येत नाही. बाळाच्या अंगावर खपल्यांचा पुरळ येतो, केस गळतात, झटके येतात, ऐकू येणं कमी होतं. रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन जन्मभर दिलं की पुरळ आणि झटके थांबतात, आणि वेळेत सुरू केलं तर मूल पूर्ण निरोगी राहतं. ॲक्रोडर्मटायटिस एन्टेरोपॅथिका या विकारात आतड्यातून जस्त शोषलं जात नाही. तोंडाभोवती, लंगोटाच्या जागी, हातापायांवर सोलवटलेले खपलीदार चट्टे उठतात. १९७०च्या दशकापर्यंत यांतली बरीच मुलं मरायची, जस्ताच्या क्षाराने ती काही दिवसांत खुलतात. रेफ्सम रोगात तर आहारच औषध आहे. नॉर्वेच्या सिग्वाल्ड रेफ्सम यांनी १९४६ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात दूध-लोणी, गाई-मेंढ्यांचं मांस आणि काही मासे यांतून येणारं फायटॅनिक आम्ल साचतं. रातांधळेपणा, लटपटती चाल आणि खवलेदार त्वचा अशी लक्षणं दिसतात. ते पदार्थ टाळले की आम्ल उतरतं. असे विकार दुर्मीळ आहेत, पण वेळेत ओळखले तर उपाय साधा आहे. खपल्यांबरोबर झटके, बहिरेपण किंवा न थांबणारे जुलाब असतील तर नुसतं मलम लावत बसू नये, ते याचसाठी.

बाकी सगळ्यांसाठी पाया एकच, तो म्हणजे रोजचं मलम. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजणं, सैल झालेले खवले मऊ फडक्याने हळूच काढणं, आणि अंग ओलं असतानाच व्हॅसलिन, लिक्विड पॅराफिन किंवा खोबरेल लावणं. दिवसातून दोनदा, जमलं तर तीनदा. मोठ्यांना युरिया किंवा लॅक्टिक आम्लाच्या क्रीमचा चांगला उपयोग होतो. सॅलिसिलिक आम्लाचं मलम मात्र लहान मुलाच्या अंगभर कधीच लावू नये, कारण गळक्या त्वचेतून ते रक्तात शिरतं आणि विषबाधा होते. हे काम कंटाळवाणं आहे, महिन्याला किलोभर मलम लागू शकतं आणि तो खर्च बहुतेक घरांना खिशातून करावा लागतो. रेटिनॉइड मिळालं तरी यातून सुटका नाही.

शेवटचा मुद्दा मुलींचा, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. गर्भाचं आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचं नातं फार नाजूक आहे. १९३३ मध्ये टेक्सासच्या फ्रेड हेल यांनी दाखवलं की हे जीवनसत्त्व न मिळालेल्या डुकरिणीला डोळेच नसलेली पिल्लं होतात. १९५३ मध्ये कोहलन यांनी दाखवलं की ते अतिरेकी मिळालेल्या उंदरिणीची पिल्लंही व्यंग घेऊन जन्मतात. गर्भात कोणता अवयव कुठे घडायचा, हे ठरवणाऱ्या संदेशांत रेटिनॉइक आम्ल आहे. १९८५ मध्ये आयसोट्रेटिनॉइनमुळे बाळाच्या कानांत, मेंदूत आणि हृदयात होणाऱ्या व्यंगांचा सविस्तर अहवाल आला. म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या मुलीला रेटिनॉइड द्यायचं तर आधी गर्भचाचणी, खात्रीची गर्भनिरोधक साधनं, आणि औषध थांबल्यावरही ठरावीक थांबणं, हे सगळं काटेकोर पाळावं लागतं. आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर एक महिना पुरतो. असिट्रेटिनसाठी तीन वर्षं. कारण असं की मद्यार्क पोटात गेला तर असिट्रेटिनचं शरीरातच पुन्हा एट्रेटिनेट होतं आणि ते चरबीत मुक्काम ठोकतं. आमच्या घरात कुणी पीत नाही, असं म्हणून इथे भागत नाही. खोकल्याच्या काही औषधांत मद्यार्क असतो. पाळीच्या तक्रारींसाठी बायका सर्रास घेतात त्या अशोकारिष्टात, बाळंतिणीच्या दशमूलारिष्टात आणि प्रत्येक आसवात तो आंबवण्यातूनच तयार होतो. असिट्रेटिन घेत असताना आणि बंद केल्यावर दोन महिने ही सगळी दूर ठेवावी लागतात, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनी अरिष्टांचं नाव घेऊन हे सांगायला हवं.

स्थळं पाहायला सुरुवात झाली की मुलीची त्वचा लवकर साफ व्हावी म्हणून गोळी सुरू करावी, असं घरच्यांना वाटतं. आणि लग्नानंतर ती गोष्ट सासरी लपवली जाते. धोका नेमका तिथे आहे, कारण वर्षभरात पाळणा हलावा अशी अपेक्षा दाराशीच उभी असते. लग्न जवळ असलेल्या मुलीला शक्यतो असिट्रेटिन देऊच नये. औषध लागलंच तर आयसोट्रेटिनॉइन, आणि मर्यादित जागेसाठी टाझारोटीनसारखं मलम, पण तेही गरोदरपणात बंद. असिट्रेटिन सुरू असेल तर गर्भनिरोधनासाठी नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या मिनी-पिलवर विसंबू नये. होणाऱ्या नवऱ्याला तारखांसकट सगळं आधीच सांगितलेलं असावं. पुरुषांना गर्भाबाबतची ही अट लागू नाही. मात्र असिट्रेटिन घेणाऱ्या कुणीही, बाई असो की पुरुष, औषध सुरू असताना आणि थांबल्यानंतर तीन वर्षं रक्तदान करू नये. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं.